नावं ठेवणारे सर

सरांनी पहिल्याच भेटीत माझ्या गावाला नावं ठेवली. माझी बारावी झाली होती. मामाकडे राहून बारामतीत काहीतरी शिकायचं ठरलं होतं, आणि मामा मला घेऊन त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारात उभा होता. माझ्या हातात गुणपत्रिकांची पिशवी होती. सरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"गाव कुठलं?"

"नरसिंहपूर. इंदापूर तालुका."

"संगमावरचं व्हय? काय हाय तितं? दोन नद्या येत्यात आन दोन्ही कटाळून फुडं निघून जात्यात. ऱ्हायला कोन बी तयार हुईना."

मामा कसनुसा हसला. मला मात्र असा राग आला की पिशवी हातात आहे हेही मी विसरले. "तुमी आलाय का कधी तितं? आमच्या घाटावर एकदा उभं ऱ्हावा आन मग बोला. न बघता कशाला नावं ठिवायची?"

मामानं माझा दंड दाबला. आता हा माणूस आपल्याला जिना दाखवणार, अशी माझी खात्री झाली. सर खूश दिसले. मागे वळून रिकाम्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घ्या हिला. सकाळच्या बॅचला."

सरांचं इन्स्टिट्यूट म्हणजे औषधांच्या एका दुकानाच्या माडीवरची लांबट खोली. भिंतीला लागून टाइपरायटर मांडलेले, आणि प्रत्येकावर घोंगडीचा चौकोनी तुकडा. दुसऱ्या इन्स्टिट्यूटांत प्लास्टिकची कव्हरं असत. सरांचे वडील आणि आजोबा मेंढरं घेऊन रानोरान फिरलेले. वडिलांनी कळप विकला त्या साली निघालेल्या शेवटच्या लोकरीची ही घोंगडी, असं सर सांगत. धूळ बसू नये म्हणून झाकायचं, एवढं कारण त्यांना पुरत नसे. "यंत्राला बी ऊब लागती," म्हणायचे.

एरवी त्यांचा वेश पांढरा लेंगा आणि शर्ट. बाजाराच्या दिवशी मात्र त्याच लेंग्यावर ते टाय बांधत. गावाकडची माणसं बाजारात भेटतात, त्यांना पोरगं शिकलंय हे दिसायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे पोरगं तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेलं होतं. मुलींची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. ज्या गावाची मुलगी, त्या गावाचं नाव तिला. मी नरसिंहपूर. माझ्या शेजारच्या यंत्रावर बसणारी, दर वाक्याला हसणारी ती पणदरे. आणि मोरगावहून एसटीनं येणारी, शेळ्यांची धार काढून मग बस पकडणारी, कुणाशी फारसं न बोलणारी ती मोरगाव. "मोरगाव, पाठ ताठ ठेव. पणदरे, दात मीट," असं चालायचं. नव्या माणसाला वाटावं सर भूगोल शिकवतात.

आणि नावं ठेवणं. सकाळी आले की ते पहिल्यांदा खालच्या चहावाल्याच्या चहाला नावं ठेवत. मग आमच्या एसटीला, मग उसाच्या भावाला, मग आमच्या बोटांना. कलिंगड घेताना ते त्या कलिंगडाला तोंडावर 'भोपळा' म्हणत आणि विकणाऱ्याकडे बघत. आम्हाला हे नुसतं तिरकसपण वाटायचं. एकदा पणदरेनं विचारलंच, "सर, तुमाला चांगलं काय दिसतच न्हाय का?"

सर बशीतला चहा फुंकत होते. "माझा बा बाजारात मेंढरं घ्यायचा. एका मेंढराभवती चार जनं उभी. मालक कोन, दलाल कोन, कसं कळायचं? समदीच म्हनत्यात, माझंच हाय. बा काय करायचा, मेंढराला नाव ठिवायचा. हे काय मरतुकडं आनलंय, म्हनायचा. दलाल हसतो. त्येला काय लागत न्हाय. जो खरा मालक, त्येच्या कानाची पाळी तांबडी हुती. मग बा त्येच्याशीच भाव करायचा."

"मग आमच्या बोटास्नी कशाला नावं ठिवता? आमी काय मेंढरं हाय?"

"बोटं तुजी हायती का, ते बघतो," सर म्हणाले आणि बशी संपवली.

त्या वेळी मला हे काही कळलं नाही. म्हातारपण लवकर लागलेल्या माणसाचं बोलणं, असं समजून मी यंत्राकडे वळले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. टायपिंगला आता कोण विचारणार, असं सगळे म्हणायला लागले, तेव्हा सरांनी एक संगणक आणला. आठवडाभर त्याला शिव्या घातल्या, मग त्याच्यासाठी घोंगडीचा सगळ्यात मोठा तुकडा कापला. पुढे फोनच्या तारेतून इंटरनेटही आलं. जोडणी लागताना मोडेमचा छोटा डबा असा किंचाळायचा की खालचा औषधवाला वर डोकावून जायचा. पण संगणक एक आणि मुली डझनभर. प्रत्येकीच्या वाट्याला येणारा वेळ इतका थोडा, की जरा हात बसतोय तोवर मागची मुलगी खुर्ची सरकवायची. मोरगावची तर पाळी येईपर्यंत एसटीची वेळ व्हायची. ती काही बोलायची नाही. पिशवी उचलायची आणि पडद्याकडे बघत बघत जिना उतरायची.

म्हणून त्या बक्षिसांच्या वेबसाइटचं आम्हाला एवढं वेड लागलं. पणदरेनं ती शोधून काढली होती. तिथं जाहिराती बघायच्या, खालच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, की गुण मिळायचे. गुण साठले की बक्षीस. टोपी, मनगटी घड्याळ, आणि सगळ्यात वर, संस्थांसाठी, एक नवा कोरा संगणक. आम्ही इन्स्टिट्यूटच्या नावानं सभासद झालो आणि प्रत्येकीनं आपल्या पाळीतला थोडा वेळ त्या जाहिरातींना द्यायचा असं ठरलं. आश्चर्य म्हणजे जगातल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवणाऱ्या सरांनी त्या साइटला कधी नाव ठेवलं नाही. उलट सुताराकडून दुसरं टेबल करून घेतलं, खिडकीजवळ मांडलं, आणि त्यावर घोंगडीचा एक तुकडा घडी घालून ठेवून दिला. आम्ही रोज त्या रिकाम्या टेबलाकडे बघायचो. मोरगाव येता जाता त्याच्यावरून हात फिरवायची.

गुण भराभर वाढले. मग संगणक हाताशी आला की अडायला लागले. कधी तांत्रिक अडचण, कधी बक्षिसाची पायरीच वर सरकलेली. आम्ही पुन्हा चढायचो. एक दिवस साइट उघडेचना. काही आठवडे नुसता कोरा पडदा. पणदरेचं हसू गेलं.

आणि मग साइट परत आली. आधी निळी होती, आता हिरवी. वर कोटातल्या एका गृहस्थाचा हसरा फोटो, आणि खाली निवेदन. मालकी बदलली आहे. आधीच्या मालकांच्या कारभाराबद्दल नव्या मालकांना खेद आहे. सभासदांचे सगळे जुने गुण परत मिळतील, बक्षिसंही मिळतील. अट एकच, प्रत्येक संस्थेनं आपल्या ओळखीची घरं सभासद करून द्यायची, आणि त्या घरांनी छोटीशी प्रवेश फी मनीऑर्डरनं पाठवायची. ज्यांना शंका असतील त्यांच्यासाठी पुण्याचा फोन नंबर दिला होता.

पणदरे खुर्चीतून उडालीच. "बगा सर, मालक बदलला! मी म्हनत हुते, आपला संगनक येनार!"

"रंग बदललाय," सर म्हणाले. "बाजारात बैलाची शिंगं बी रंगवत्यात."

पण त्यांच्या आवाजात नेहमीचा तिखटपणा नव्हता. खरं व्हावं असं त्यांनाही वाटत होतं. ते त्या टेबलाकडे बघत होते.

घरं गोळा करायची तर माझ्यापासून सुरुवात होणार हे उघड होतं. माझे वडील, आमचे अण्णा, साखर कारखान्याचे सभासद, गावात चार माणसं त्यांच्या शब्दावर चालणारी. अण्णांनी हो म्हटलं की आमची अख्खी आळी मनीऑर्डर करणार. त्या रविवारी अण्णा मामाकडे आले होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू म्हनशील तर मी गावात सांगतो," ते म्हणाले. "तुला धाडलंय ते तुज्यावर इस्वास हाय म्हनूनच. पन एक ध्यानात ठेव. उद्या यात फसवनूक निघाली, तर लोक मला काय बोलत्याल ते मी सोशीन, पन तुझं बारामतीचं शिकनं मग न्हाय व्हायचं. पोरीला बाहेर धाडून हे शिकवलं, असं मी ऐकून घ्यायचो न्हाय."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला तो संगणक हवा होता. त्याहून जास्त मला त्या माडीवरची ती खोली हवी होती, सकाळची सात वाजताची, घोंगड्या उचलून झटकायच्या त्या वेळेची. मालक खरोखरच बदलला असेल, तर हो म्हणायला हरकत नव्हती. नसेल, तर हो म्हटल्याबरोबर माझं शिक्षण संपलं. पण पुण्यातल्या कुठल्याशा खोलीतला मालक बदलला की नाही, हे बारामतीच्या माडीवर बसून ओळखायचं कसं?

सोमवारी मी सरांना हे सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, ते मी लपवलं नाही. सर उठले. बाजाराचा दिवस नव्हता, तरी टेबलाच्या खणातून टाय काढला आणि बांधला. "चला," म्हणाले.

समोरच्या एसटीडी बूथच्या काचेच्या कपाटात आम्ही चौघं कसेबसे मावलो. पणदरेचा चेहरा काचेला, मोरगाव दारात, आणि मी रिसीव्हरला कान लावून सरांच्या खांद्याशी. समोर मीटरचे लाल आकडे पळायला लागले.

"नमस्कार. बारामतीवरनं बोलतोय. तुमी नवीन मालक का?"

"नमस्कार सर! हो, मीच." पलीकडचा आवाज तरुण, गोड, पुणेरी. "आत्ताच घेतलीय आम्ही कंपनी. अजून सगळं समजून घेतोय. बोला ना."

"लई ब्येस केलं घेतली. आधीचा मालक निव्वळ भामटा हुता बगा."

"हो, आमच्याही कानावर आलंय," आवाज हसून म्हणाला. "लोकांना त्रास झाला. आम्ही दिलगीर आहोत."

माझ्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. याला तर काही लागलं नाही. पणदरेनं मला कोपरानं ढोसलं, की बघ. सरांनी टायची गाठ सैल केली. मला वाटलं आता ते घरांचं विचारतील.

"भामटा हुता ते जाऊ द्या," सर म्हणाले. "भामट्याला निदान डोकं लागतं. ह्याला तेबी नव्हतं. साइट कसली, उकिरडा हुता. कुठलं बटन कुठं, कशाचा कशाला मेळ न्हाय."

"तसं नाही हं सर. साइट तशी चांगली होती."

"चांगली? आमच्या हितली शेंबडी पोरं बरी बनवत्याल. ज्यानं बनवली त्येनं आधी कुठंतरी शिकाया पायजे हुतं. तुमी ते समदं फेकून द्या आन एखाद्या जानत्या मानसाकडनं—"

"अहो, तोंड सांभाळून बोला!" रिसीव्हर माझ्या कानापाशी तडतडला. "काय कळतं तुम्हाला त्यातलं? एकट्यानं उभी केलीय मी ती! वर्षभर झोप नाही घेतली! पुण्यात कुणाला जमलं नव्हतं तेव्हा मी—"

आवाज तुटला. मीटरचे आकडे पळत राहिले.

"व्हय का," सर अगदी हळू आवाजात म्हणाले. "मग तुमी कालपरवा कुनाकडनं घेतली, साहेब?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

पणदरेनं शेवटचा प्रयत्न केला. "सर, कामाला असंल तो. त्यानं बनवली आसंल, आन मालक दुसराच."

"नोकर आसता तर मालकाला सांगतो म्हनला आसता. ह्यो मालक म्हनून बोलला आन बनवनारा म्हनून चिडला." सरांनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला. मला वाटलं होतं ते जिंकल्यासारखं काहीतरी बोलतील. पण ते बराच वेळ त्या फोनकडे बघत उभे राहिले. "कान दिसला न्हाय, पन तांबडा झाला आसनार. मनापास्नं केलं हुतं बगा पोरानं. येवढी माया लावून लोकास्नी फसवायचं, म्हंजे काय म्हनावं."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि ते त्या फसवणाऱ्याबद्दल वाटत होतं. मी तोवर अशी माणसं पाहिली नव्हती.

अण्णांना मी नको म्हणून निरोप दिला. पुढे ती हिरवी साइटही कोऱ्या पडद्यात गेली, आणि इंदापुरात ज्यांनी मनीऑर्डरी केल्या होत्या ते लोक त्या फोन नंबरवर बोटं झिजवत बसले. पण हे नंतरचं. त्या दिवशी बूथमधून परत आलो तेव्हा खोलीत खिडकीजवळ ते टेबल होतं आणि टेबलावर ती घोंगडीची घडी होती. आता तिथं काही येणार नव्हतं. मोरगावनं टेबलाकडे बघायचं टाळलं.

सर खुर्चीत बसले. टाय काढला, गुंडाळला, खणात ठेवला. मग खोलीला नावं ठेवायला लागले. आम्हाला सवय होती. पण या वेळी आवाज पडलेला होता.

"काय हाय ह्या खोलीत? डबडी समदी. शाईच्या फिती मिळंनात, एक संगनक तो बी अडखळतो. ह्या पोरी रोज एसटीनं धक्के खात येत्यात, कशाला? पुण्याची पोरं कुठल्या कुठं गेली आन आमी हितं घोंगडी झटकतोय. दिवाळीनंतर बंद करतो. गाळा औषधवाल्याला देऊन टाकतो. त्येला गोदाम पायजेच हाय."

मोरगावच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र उभीच राहिले. मला आधी शब्द सुचेनात, आणि मग थांबेनात.

"डबडी काय म्हनता? ह्या डबड्यांवर माझी बोटं बसली. न बघता मारते मी आता, तुमीच बोटांवर रुमाल टाकून शिकवलं. मोरगाव धारा काढून येती ती काय गोदामाला? आन एसटीचे धक्के आमी खातो, तुमी न्हाय. आमी कधी तक्रार केली? संगनक एक तर एक. पहाटे बॅच लावा, दुपारी लावा, आमी वाटून घिऊ. न्हाय तर मी लावते. पन ह्या खोलीला नावं ठिवायची न्हायत. गोदाम म्हने!"

बोलून झाल्यावर मला धाप लागली होती. आता आपण सरांना उलट बोललो, हे ध्यानात आलं आणि भीती वाटली. सर माझ्या तोंडाकडे बघतही नव्हते. मान जरा तिरकी करून, बाजारात बघावं तसं, ते माझ्या कानाकडे बघत होते.

माझा हात आपोआप कानाकडे गेला. पाळी चटका बसावा इतकी गरम होती.

सरांनी खिशातून किल्ली काढली, त्या रिकाम्या टेबलावर घोंगडीच्या घडीवर ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. "पहाटेची बॅच तुजी," म्हणाले. "कुलूप जरा दाबून फिरवावं लागतं. एक नंबरचं भिकार कुलूप हाय."

त्यांना खरंच बंद करायचं होतं की बाजार चालला होता, हे मी त्यांना नंतर कितीदा विचारलं. ते दर वेळी चहाला नावं ठेवायला लागायचे. त्या टेबलावर पुढे संगणक आला, एका ऑफिसनं काढून टाकलेला, अण्णांनी ओळखीनं मिळवून दिलेला. त्याच्यावर तासन् तास बसणारी मोरगाव होती. सरांनी त्यालाही मोडकं खोकं म्हटलं, आणि आम्ही तिघी एकदमच त्यांच्यावर धावून गेलो.

पण ते सगळं पुढचं. त्या सोमवारनंतरच्या पहाटे मी जिना चढले तेव्हा खाली औषधांचं दुकान बंद होतं आणि पणदरेहून येणारी पहिली एसटी अजून यायची होती. कुलूप एका फेऱ्यात उघडलं. भिकार नव्हतंच ते.